एकशे तीसच्या आत

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन केला नाहीस हे चांगलं केलंस. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं आणि मग महिनाभर कोणी कोणाशी बोलत नाही. जन्म, मरण आणि ताप एवढ्यापुरताच फोन, बाकी सगळं पत्रात, हा आपला नियम मी दवाखान्याच्या खाटेवरूनही पाळला होता.

तर बातमी अशी, की काल हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा तपासलं. छातीत बसवलेली बारीक जाळी उत्तम आहे म्हणाल्या. मी आडवळणं न घेता विचारलं, की सायकल कधी. तुझे भावोजी लगेच छताकडे बघायला लागले, जणू तिथल्या पंख्याची दुरुस्ती त्यांच्याकडेच आहे. बाईंनी बराच विचार करून परवानगी दिली, पण अटी घातल्या. चालवताना हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे तीसच्या वर जाता कामा नयेत. ते चालवता चालवता समोर दिसले पाहिजेत. प्रत्येक फेरीची नोंद राहिली पाहिजे. एप्रिलअखेर त्या नोंदी बघून खिंडीचं काय ते त्या ठरवणार. चढावर आकडा वर जात राहिला, तर रस्ता बंद आणि घरातल्या घरात पायडल मारत बसायचं.

बारक्या, तू दुकान थाटलंस तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी खिंड ओलांडून सायकलनं तुझ्याकडे येते. गेल्या वर्षी त्याच दिवसांत मी नाकात नळी घालून पडले होते. बसनं ये असं तू लिहिलं आहेस. बसनं मी येणार नाही. बसनं येते ती पाहुणी. मला मे महिन्यात सायकलवरून तुझ्या दारात उतरायचं आहे, आणि ते जमलं नाही तर मी या आजारातून उठले असं मी तरी म्हणणार नाही.

आता ते ठोके दाखवणारं यंत्र कोणतं घ्यायचं, ते तू सांग. इथल्या दुकानदारानं माझ्यापुढे ढीग मांडला आणि उपग्रहांबद्दल इतकं बोलला, की मी डोकं धरून घरी आले. माझी अट एकच: चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. भावोजींची अट अशी, की आकडा चढला की ते जोरात ओरडलं पाहिजे. जन्मभर लिफ्ट बसवल्यात त्यांनी. माणसं जास्त झाली की लिफ्ट जशी जागची हलत नाही, तशी माझी सायकलही आपोआप थांबली तर त्यांना हवंच आहे.

कळावे. लोभ आहेच, तो दुकानातल्या गिऱ्हाइकांपेक्षा माझ्यावर थोडा जास्त ठेव.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दुकानात एकटाच हसलो. समोर चष्म्याचा नंबर काढायला बसलेल्या बाईंना वाटलं, मी त्यांच्या डोळ्यांना हसतोय.

कामाला लगेच लागलो. माझ्याबरोबर सायकल चालवणाऱ्यांकडून निरनिराळी यंत्रं मागून आणली आणि दुकानाच्या पायरीवर, ऐन उन्हात, मांडून ठेवली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्मा काढायला लावून हातभर अंतरावरून आकडे वाचायला लावले. धंदा बुडाला, पण ज्ञान मिळालं.

पहिली गोष्ट, मनगटावरच्या घड्याळाच्या नादी लागू नकोस. ते कातडीवर उजेड टाकून ठोके ओळखतं. खडबडीत रस्त्यावर मूठ आवळली, हात हादरला, की त्याचा अंदाज चुकतो. छातीचा पट्टा घे. तो हृदयाच्या शेजारी बसून मोजतो आणि हँडलवरच्या यंत्राला बिनतारी कळवतो. फक्त घालण्याआधी आतली बाजू ओली करायची.

यंत्र म्हणशील, तर मला रंगीत पडद्याचं मोठं आवडलं. नकाशा दाखवतं, वळण आधी सांगतं, बोट लावलं की पान बदलतं. महाग आहे, पण आकड्याची चर्चा तुझ्याशी करणार नाही, कारण ते माझ्याकडून आहे. नाही म्हणालीस तर मीच बसनं येईन आणि महिनाभर राहीन.

भावोजींना नमस्कार. तुझा आशीर्वाद डोक्यावर असू दे, आणि हात कानापासून लांब.

तुझा
बारक्या


१८ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी भेट घेते, पण नकाशावालं यंत्र नको. मी नोकरीभर शाळेत भूगोल शिकवला. आता एका डबीनं मला पुढे उजवीकडे वळा म्हणून सांगायचं, एवढी पाळी अजून माझ्यावर आलेली नाही. खिंडीचा रस्ता तर मला माझ्या स्वयंपाकघरासारखा पाठ आहे.

दुसरं, बोटानं चालणारा पडदा मी दुकानात जाऊन हातमोजे घालून बघितला. ढिम्म हलला नाही. मोजे काढून, बोट ओलं करून पाहिलं, तर भलतंच पान उघडलं. घाम आलेला असताना चढावर मी याच्याशी झटापट करत बसू का? त्यापेक्षा त्याच दुकानात कोपऱ्यात एक लहानसं आहे. काळे आकडे, फिकट पडदा, कडेला खरीखुरी बटणं. ऊन जितकं कडक तितकं ते स्पष्ट दिसतं. वर ठोके, खाली वेग, त्याखाली अंतर. बस. तू डोळ्यांचा माणूस असून रंगाला भुललास, याची मी योग्य ठिकाणी वाच्यता करणार आहे.

भावोजींनी त्याचा इशारा वाजवून घेतला. पुन्हा वाजवा म्हणाले. तिसऱ्यांदा वाजवल्यावर दुकानदारानं आम्हाला खुर्च्या दिल्या. शेवटी, लिफ्टच्या यंत्रखोलीत ऐकू येणार नाही पण रस्त्यावर चालेल, असा निकाल त्यांनी दिला.

तर तेच पाठव. उशीर करू नकोस, माझे पाय शिवशिवताहेत.

कळावे. प्रेम आहे ते राहू दे, सल्ले थोडे कमी कर.

तुझी ताई


१६ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल मिळालं आणि त्याला पंधरवडा उलटला तरी पत्र लिहिलं नाही, कारण लिहावंसं वाटत नव्हतं. यंत्र छान आहे. जादा म्हणून पाठवलेला मऊ कापडाचा पट्टाही मिळाला. तो भावोजींनी ठेवून घेतला आहे. मी यंत्राबरोबर आलेलाच वापरते.

पहिल्या दोन फेऱ्या सपाट रस्त्यावर झाल्या. आकडा गुणी मुलासारखा खाली बसून होता. रस्त्यावर पुन्हा चाक लागलं त्या क्षणी मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. मग दगडखाणीकडचा चढ घेतला आणि तिथे सगळं बिनसलं. अर्ध्या वाटेवर यंत्र ओरडलं. एकशे चौतीस. उतरले, उभी राहिले, पण तो खाली यायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी तेच. परवा तर उतारावर, पायडल न मारता नुसती घरंगळत येत होते, तेव्हा एकशे अडतीस.

सगळ्यात वाईट काय सांगू? मला काहीच होत नव्हतं. श्वास शांत, छाती हलकी. आजारी पडले तेव्हाही मला आधी काही कळलं नव्हतं, हे आठवलं. आपलं शरीर आपल्याशी खोटं बोलतंय असं वाटणं फार वाईट.

तुझे भावोजी रोज स्कूटरनं माझ्या मागे असतात. बाईंच्या अटींत ही अट नव्हती, ती त्यांची स्वतःची. ते काही बोलत नाहीत. पण इशारा वाजला की मागून स्कूटरचं इंजिन बंद झाल्याचं मला ऐकू येतं.

एप्रिलअखेर हे आकडे बाईंच्या टेबलावर जातील. निकाल काय लागणार, हे मला आजच दिसतंय. बसचं वेळापत्रक असेल तर पाठवून दे.

तुझी ताई


१७ मार्च

चि. बारकेराव यांस स. न. वि. वि.

हे पत्र मी कामावरून लिहीत आहे. तुमच्या ताईला याची कल्पना नाही, ती देऊ नये. मला लिहायची सवय नाही, तेव्हा मुद्द्याचं लिहितो.

ती खचली आहे. दाखवत नाही, पण काल संध्याकाळी सायकल पुसता पुसता मधेच फडकं ठेवून आत गेली. इतक्या वर्षांत तिनं अर्धं काम टाकलेलं मी पाहिलेलं नाही.

मी तिच्या अगदी मागोमाग असतो. मागून ट्रक आलाच तर आधी मला लागेल, इतक्या अंतरावर स्कूटर ठेवतो. उतारावर ती ब्रेक फार उशिरा दाबते. खाणीच्या वळणावर तर मी डोळे मिटायचेच बाकी ठेवतो. तिला बोललो तर भांडण होईल, म्हणून बोलत नाही.

यंत्राची बाजू मी चोख ठेवली आहे, त्याची काळजी करू नये. आमच्या कामात नवा दोर लावला की पहिली फेरी बसवणाऱ्यानं स्वतः करायची, मग इतर माणसं बसवायची. तुमचा जादा पट्टा मी त्याच पद्धतीनं तपासतो आहे. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या त्या रात्री तो ओला करून घातला, यंत्राशी जुळवला, आकडा लगेच आला. तेव्हापासून रोज शर्टाच्या आत तोच घालून मी स्कूटरवर बसतो. खड्ड्यांत सटकतो का, घामानं ढिला पडतो का, हे महिनाभर माझ्या अंगावर बघेन आणि मगच तिला देईन.

पण तिचं हृदयच ऐकत नसेल तर पट्टा काय करणार? माझी विनंती एवढीच, की तुम्ही तिला समजवावं. या वर्षी बसनं येऊ दे. माझं सांगणं ती अडवणूक समजते. तुमचं ऐकेल. ती घरात माझ्यावर चिडलेली असली तरी मला चालेल, पण ती घरात असली पाहिजे.

कळावे. आपला लोभ आहे, त्याच्याच भरवशावर हे लिहिलं.

आपला
भावोजी


२१ मार्च

ती. ताई आणि ती. भावोजी यांस सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचायचं आहे. भावोजी, तुमचं गुपित मी फोडतो आहे, त्याबद्दल आधीच माफी. नियमाप्रमाणे फोन करायलाही हरकत नव्हती, कारण काल तुमचं पत्र वाचल्यावर मला आनंदानं ताप यायचाच बाकी होता. पण हे लेखी असलेलं बरं.

ताई, यंत्र पाठवण्याआधी मी ते जोडून ठेवलं होतं, म्हणून तुझ्या फेऱ्यांच्या नोंदी माझ्या फोनवर दिसतात. तुझं पत्र आल्यापासून मी त्यांच्याकडे टक लावून बसलो होतो आणि मला त्यांचा मेळ लागत नव्हता. चढावर ठोके वाढतात, ठीक. पण उतारावर त्याहून वाढतात? खाणीच्या वळणावर दर वेळी उंच टोक? आणि तू थांबलीस, उतरलीस, की त्यानंतर आणखी वर? दमलेलं हृदय असं वागत नाही. घाबरलेलं वागतं. आणि तू उतारावर कधीही घाबरलेली नाहीस. लहानपणी मला पुढच्या दांडीवर बसवून ब्रेक न लावता टेकडी उतरलेली तू, मला विसरता येणार नाही.

मग भावोजींचं पत्र आलं. भावोजी, दोन्ही पट्टे सारख्याच बनावटीचे आहेत. यंत्र एका वेळी एकाच पट्ट्याचं ऐकतं, आणि शेवटी ज्याच्याशी जुळवलं त्याला आधी शोधतं. तुम्ही तुमचा जुळवलात आणि तो घालून तिच्या मागे हाकेच्या अंतरावर राहिलात. पंधरा दिवस ताईच्या हँडलवर जो आकडा दिसतोय, तो तुमचा आहे.

ताईचं हृदय नेमकं काय करतंय, हे आपल्यापैकी कोणालाच अजून माहीत नाही. पण मला अंदाज आहे. एक करा. दोघांनी आपापले पट्टे घालून एका खोलीत बसा. ताईनं खुर्चीवरून हलायचं नाही. भावोजींनी उठाबशा काढायच्या. आकडा कोणाच्या बाजूनं बोलतो ते मला कळवा.

आणि भावोजी, एकशे अडतीस हा स्कूटरवर बसलेल्या माणसाचा आकडा नव्हे. डॉक्टरीणबाईंकडे तुम्हीही जाऊन या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

दोघांचा आशीर्वाद हवा. एकत्र दिलात तर टपालखर्चही वाचेल.

तुमचा
बारक्या


२ मे

चि. बारकेराव यांस स. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे उठाबशा काढल्या त्याचं वर्णन तिनं तुम्हाला त्याच दिवशी कळवलंच, आणि तिखटमीठ लावून कळवलं असणार. मी फक्त घडलेलं नोंदवतो. ती खुर्चीत चहा पीत होती. माझ्या दहाव्या उठाबशीला तिचं यंत्र ओरडलं. तिनं कप खाली ठेवला आणि ती इतकी हसली, की शेजारचे दारात आले. मग हसता हसता रडायला लागली. मी आपल्या आणखी दोन काढल्या.

जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलो, की एका लिफ्टला एकच चालक. स्वतः मात्र हे विसरलो. तिला पंधरा दिवस जे सोसावं लागलं ते माझ्यामुळे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, की तिचा आकडा तिला कधीही मिळाला असता, माझा मात्र एरवी कळला नसता.

माझा पट्टा त्याच दिवशी यंत्रातून काढून टाकला. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी तिच्या स्वतःच्या. खाणीच्या चढावर एकशे एकवीस. डॉक्टरीणबाईंनी एप्रिलअखेर त्या सगळ्या पाहिल्या, दोनदा पाहिल्या, आणि खिंडीला हो म्हणाल्या. तुमच्या सांगण्यावरून मलाही तपासलं. हृदय ठणठणीत निघालं. फक्त जन्मभर लिफ्टनं वरखाली केल्यामुळे त्याला मेहनतीची सवय नाही आणि काळजीची फार आहे, असं त्या म्हणाल्या. मलाही सायकल सांगितली आहे. मी हसण्यावारी नेलं.

परवा पहाटे ती निघेल. मी मागे येणार नाही. हे मी स्वतःहून कबूल केलं आहे, पण माझा माझ्यावर पूर्ण विश्वास नाही, म्हणून स्कूटरची किल्ली तिलाच बरोबर न्यायला सांगितली आहे. ती तुमच्या दारात पोचली की कृपा करून फोन करावा. जन्म, मरण आणि ताप या यादीत ही एक गोष्ट या वर्षापुरती घालावी, ही विनंती.

आपला
भावोजी


६ मे

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर कारण पडलं नाही. बारक्यानं तुम्हाला फोन केला तेव्हा मी मागून बोलत होते, पण तुम्ही घसा खाकरत राहिलात आणि काही ऐकलं नाहीत. म्हणून सगळं नीट लिहिते.

पहाटे फाटकातून बाहेर पडले तेव्हा तुम्ही पायरीवर उभे होतात. वळणापर्यंत मी मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर परत आले असते. खाण मागे पडली. तिथून पुढे कान सारखे मागे लागत होते. तुमच्या स्कूटरवर मी किती चिडायचे, आणि त्या दिवशी रस्ता नुसता शांत वाटून करमेना. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. मग फार बरं वाटायला लागलं.

खिंडीचा चढ मी घाई न करता घेतला. दगडी भिंत लागली तिथे एकशे अठरा. दोन तरुण सायकलवाले मागून आले आणि पुढे गेले. पूर्वीची मी त्यांच्या मागे लागले असते आणि वर त्यांच्या आधी पोचून पाणी पीत बसले असते. या वेळी जाऊ दिलं. शेवटच्या खड्या वळणाला एकशे सव्वीस झाले. गिअर हलका केला, सावकाश, सावकाश. एकशे अठ्ठावीस. मी त्या आकड्याकडे डोळे वटारून बघितलं, तुमच्यासारखं. तो तिथेच राहिला. यंत्र एकदाही ओरडलं नाही, आणि अचानक समोर चढ उरलाच नाही.

खिंडीत मी सायकल धरून उभी राहिले. अहो, मी जिंकले. दुसरा शब्द मला सापडत नाही. एका वर्षापूर्वी मला खाटेवरून खिडकीपर्यंत जायला तुमचा खांदा लागत होता. त्या दोन तरुणांना वाटलं मला काही होतंय, ते पाणी घेऊन धावत आले. मी त्यांना सांगितलं, की काही होत नाहीये, आणि म्हणूनच डोळ्यांत पाणी आहे. बिचाऱ्यांना काही उमगलं नाही. पाणी ठेवून निघून गेले.

उतारावर मी ब्रेक वेळेवर दाबले. सगळ्या वळणांवर नाही, पण बहुतेक. बारक्या दुकान बंद करून रस्त्यावर येऊन उभा होता, हातात गिऱ्हाइकाचा चष्मा तसाच. मला बघून त्यानं यंत्रही बघितलं नाही. मला घट्ट धरून उभा राहिला आणि म्हणाला, की यंत्र निवडताना तो चुकला होता, मीच बरोबर होते. हे त्याच्याकडून ऐकायला मी दोन खिंडी चढले असते.

आता तुमच्याबद्दल. स्कूटरची किल्ली माझ्याकडे आहे, तेव्हा बसनं या. रविवारी निघा. बारक्यानं एक जुनी सायकल तुमच्या उंचीला लावून ठेवली आहे. इथे नदीकाठचा रस्ता सपाट आहे आणि वाहनं नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तुम्ही हसण्यावारी नेलंत, ते मी नेलेलं नाही. येताना मऊ कापडाचा पट्टा आठवणीनं आणा. तो तुमच्या छातीला बांधायचा आणि यंत्र माझ्या हँडलवर राहील. पंधरा दिवस तुमच्या काळजाचे ठोके माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी त्यांच्यावर रागावत होते. आता समजून उमजून बघायचे आहेत.

पुढे तुम्ही चालवा. मागून मी येते.

तुमची
मी